अदंड शिक्षण : पालि वाङ्मयातील अश्वदमक आणि प्राणी शिकविण्याचे आजचे शास्त्र

बुद्धवंदनेत आपण तथागतांच्या ज्या नऊ गुणांचे स्मरण करतो, त्यांत 'पुरिसदम्मसारथि' हा एक गुण आहे. शिकण्यास योग्य अशा माणसांना वळण लावणारा सारथी, असा त्याचा अर्थ. हे विशेषण घोडे आणि हत्ती शिकविणाऱ्यांच्या व्यवसायातून आलेले आहे. सुत्तपिटकात अश्वदमक व हत्तिदमक अनेक ठिकाणी भेटतात आणि त्यांच्या कामाचे वर्णन फार नेमके असते. मराठीत 'दमन' म्हटले की दडपशाही डोळ्यांसमोर येते. पालि भाषेतील 'दम' या शब्दात मात्र शिकवून, सवय लावून आवरते करणे हा अर्थ प्रधान आहे. हा फरक केवळ शब्दाचा नाही. भीती दाखवून वाकविलेला प्राणी आणि समजून शिकलेला प्राणी यांतील तो फरक आहे. प्राणी कसा शिकतो व त्याला न मारता, न भिववता कसे शिकविता येते, याचे पद्धतशीर उत्तर गेल्या सव्वाशे वर्षांत प्रयोगांनी दिले आहे. त्या उत्तराचा परिचय करून द्यावा आणि त्याच्या प्रकाशात सुत्तांतील दाखले पुन्हा वाचावेत, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

केसीचे चौथे उत्तर

अंगुत्तर निकायाच्या चतुक्क निपातात केसि नावाच्या अश्वदम्मसारथीचे सुत्त आहे. तथागत त्याला विचारतात की, तू घोड्याला कसा शिकवितोस? केसि सांगतो : काहींना सौम्यपणे, काहींना कठोरपणे, काहींना दोन्ही रीतींनी. आणि एखादा घोडा या तिन्ही रीतींनी शिकला नाही तर? अशा घोड्याला मी मारून टाकतो, असे केसीचे चौथे उत्तर आहे. त्याने दिलेले कारण विचार करण्यासारखे आहे. आपल्या आचार्यकुलाची अपकीर्ती होऊ नये म्हणून तो घोड्याला मारतो. म्हणजे शिकविणे फसले, त्याचा डाग शिकविणाऱ्याच्या घराण्यावर पडू नये, म्हणून शिकणाऱ्याचा जीव जातो.

मग केसि तथागतांना उलट तोच प्रश्न करतो. तथागतही सौम्य, कठोर व मिश्र अशा तीन रीती सांगतात. परंतु त्यांच्या शब्दांचा अर्थ वेगळा आहे. सदाचार कोणता व त्याचे फळ कोणते हे सांगणे, ही सौम्य रीत. दुराचार कोणता व त्याचे फळ कोणते हे सांगणे, ही कठोर रीत. येथे 'कठोर' म्हणजे परिणामांची स्पष्ट जाणीव करून देणे. त्यात शरीराला इजा कोठेही नाही. चौथ्या रीतीविषयी केसि आश्चर्याने विचारतो, तेव्हा तथागत खुलासा करतात की, ज्याला उपदेश करणेच थांबविले जाते, तो आर्यांच्या विनयात मेल्यासारखा होय. व्यवसायाची परिभाषा तीच ठेवून तथागतांनी तिच्यातील दंड काढून टाकला. संवादाच्या शेवटी केसि उपासक झाला.

पायरीपायरीने शिक्षण

मज्झिम निकायातील भद्दालि सुत्तात उमद्या शिंगराच्या शिक्षणाचे वर्णन आहे. अश्वदमक प्रथम त्याला केवळ लगामाची सवय करतो. पूर्वी कधी तोंडात लोखंड न घेतलेले शिंगरू अर्थातच चुळबुळ करते, डोके झटकते, धडपडते. सुत्त याला शिंगराचा दोष म्हणत नाही. त्याने ते पूर्वी केलेले नसते, एवढेच कारण दिले आहे. पुन्हा पुन्हा आणि क्रमाक्रमाने सवय झाल्यावर ते शांत होते. त्यानंतरच खोगीर-साज आणि त्यानंतर चाल, वर्तुळात धावणे, वेग इत्यादी पुढील पाठ येतात. एक पायरी पक्की झाल्याखेरीज दुसरी नाही.

त्याच निकायातील दन्तभूमि सुत्तात रानातून आणलेल्या हत्तीची कथा आहे. या हत्तीला प्रथम खांबाला बांधले जाते, हे सुत्त लपवीत नाही. तो प्राचीन काळातील राजदरबारी रिवाज होता आणि आज तो अनुकरणीय मानता येणार नाही. परंतु बांधल्यानंतर हत्तिदमक काय करतो, ते पाहण्यासारखे आहे. तो कानाला गोड व प्रेमळ वाटतील अशा शब्दांनी त्याच्याशी बोलतो. हत्ती कान देऊन ऐकू लागला की, त्याला चारा व पाणी देतो. हत्ती ते घेऊ लागला म्हणजे, आता हा जगेल, असा दमकाला भरवसा वाटतो. मगच उचल-ठेव, ये-जा, ऊठ-बस हे पाठ सुरू होतात. योग्य प्रतिसादानंतर लगेच हवीहवीशी वस्तू देणे, हे आजच्या शास्त्राचे पहिले सूत्र येथे स्पष्ट दिसते.

नन्दिविसालाचा अपमान

विनयपिटकातील पाचित्तिय नियमांत दुसरा नियम अपमानकारक बोलण्याविरुद्ध आहे. षड्वर्गीय भिक्खू इतर भिक्खूंना त्यांची जात, नाव, गोत्र, काम, कसब इत्यादींवरून टोचून बोलत. त्या प्रसंगी तथागतांनी नन्दिविसाल बैलाची कथा सांगितली. तक्षशिलेतील एका ब्राह्मणाचा हा बलवान बैल शंभर भरलेल्या गाड्या ओढील अशी पैज लागली. जोखडाला जोडल्यावर मालकाने त्याला हिणवणाऱ्या शब्दाने हाक मारली आणि बैल जागचा हलला नाही. मालक पैज हरला. पुढे बैलाच्याच सांगण्यावरून त्याने दुप्पट पैज लावली, त्याला आदराने हाक मारली आणि बैलाने शंभरही गाड्या ओढून नेल्या.

येथे माणसाची बरोबरी बैलाशी केलेली नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. पशूलाही कठोर शब्द सहन होत नाही, मग माणसाला जातीवरून हिणविणे किती गर्ह्य, असा तो युक्तिवाद आहे. शिकविणे आणि अपमान करणे या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत, हा त्याचा आशय आपल्या वाचकांना वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

प्रयोगशाळेतून आलेले उत्तर

अमेरिकेतील एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली मांजरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. पेटीत कोंडलेले मांजर धडपडत असता योगायोगाने कळ दाबते, दार उघडते व खाणे मिळते. पुढच्या वेळी ते कमी वेळात बाहेर येते. ज्या कृतीनंतर समाधान मिळते ती कृती पुन्हा होते, हा 'परिणामाचा नियम' त्यांनी यातून मांडला. बी. एफ. स्किनर यांनी १९३८ सालच्या आपल्या ग्रंथात हेच तत्त्व 'साधक अभिसंधान' म्हणून विस्ताराने मांडले. कृतीनंतर हवीशी गोष्ट दिल्याने कृती वाढते, याला धन प्रबलन म्हणतात. नकोशी गोष्ट काढून घेतल्याने कृती वाढते, ते ऋण प्रबलन. लगाम ढिला केल्याने घोडा वळू लागतो, हे त्याचे उदाहरण. शिक्षेने कृती दबते. परंतु शिक्षा पुढे काय करावे हे शिकवीत नाही, हे तिचे मूळ वैगुण्य आहे.

स्किनर यांचे विद्यार्थी केलर व मेरियन ब्रेलंड या दांपत्याने १९४७ साली प्राणी शिकविण्याचा व्यवसाय सुरू केला. १९६१ साली त्यांनी लिहिलेल्या निबंधात ३८ जातींचे ६,००० हून अधिक प्राणी आपण शिकविल्याचे नमूद आहे. त्याच निबंधात त्यांनी पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या. नाणे डब्यात टाकण्यास शिकविलेला रॅकून नाणी सोडीना; खाद्य धुतल्याप्रमाणे तो ती एकमेकांवर घासत बसे. प्रत्येक प्राण्याचा एक जन्मजात स्वभाव असतो आणि शिक्षकाने तो ओळखूनच पाठ आखला पाहिजे, हा धडा त्यातून मिळाला.

सौम्य पद्धतीचा खरा विकास पाण्यात झाला, आणि त्याचे कारण साधे आहे. डॉल्फिनला लगाम घालता येत नाही व चाबूकही मारता येत नाही. तो रुसला तर पोहत दूर जातो. त्यामुळे हवाई बेटांवर १९६४ साली सुरू झालेल्या सागरी संग्रहालयात कॅरन प्रायर यांना शिट्टी व मासे एवढ्याच साधनांवर काम करावे लागले. त्यांच्या १९८४ सालच्या पुस्तकामुळे आणि १९९० नंतरच्या प्रसारामुळे ही रीत घरोघरच्या कुत्र्यांपर्यंत पोहोचली.

प्रत्यक्ष रीत

या रीतीची मुख्य अंगे अशी सांगता येतील.

पहिले अंग खुणेचे. प्राण्याने योग्य कृती केली त्या क्षणी एक ठरावीक, छोटा आवाज करावा आणि त्यानंतर लगेच खाऊ द्यावा. त्यासाठी 'क्लिकर' नावाची टकटक वाजणारी डबी वापरतात. जिभेने काढलेला आवाज किंवा एखादा ठरावीक शब्दही चालतो. आरंभी आवाज व खाऊ यांची जोडी काही वेळा जमविली की, आवाजाचा अर्थ प्राण्याला कळतो. खाऊ हातात येईपर्यंत दोन-तीन क्षण जातात. आवाज मात्र नेमक्या क्षणाला पकडतो. 'हेच बरोबर' हे प्राण्याला निःसंदिग्धपणे सांगण्याचे ते साधन आहे.

दुसरे अंग क्रमाचे. पूर्ण कृतीची वाट न पाहता तिच्या दिशेने पडलेल्या लहानशा पावलालाही खूण व खाऊ द्यावा. ते पाऊल सहज पडू लागले की, अपेक्षा थोडीशी वाढवावी. एका वेळी एकच अपेक्षा वाढवावी. अंतर, वेळ आणि गोंगाट एकदम वाढवू नयेत. प्राणी सलग चुकू लागला तर मागील पायरीवर यावे. पाठ काही मिनिटांचाच असावा व प्राणी उत्साही असतानाच संपवावा. भद्दालि सुत्तातील शिंगराचा क्रम याहून निराळा नाही.

तिसरे अंग लक्ष्याचे. काठीच्या टोकाला प्राण्याने नाक लावले की खूण व खाऊ, एवढे शिकविले म्हणजे काठी नेईल तिकडे तो आपण होऊन जातो. गाडीत चढणे, वजनकाट्यावर उभे राहणे, पिंजऱ्यातून दुसऱ्या पिंजऱ्यात जाणे अशी कामे ओढाताणीशिवाय होतात. ज्या काठीची पिढ्यान्पिढ्या भीती होती, तीच येथे मार्गदर्शक होते.

चौथे अंग भयनिवारणाचे. भिणाऱ्या प्राण्याला भीतीच्या वस्तूसमोर बळेच उभे करू नये. ती वस्तू इतक्या दूर ठेवावी की, प्राणी तिच्याकडे पाहूनही खाऊ शकेल. मग अंतर हळूहळू कमी करावे. खाणे सोडले तर आपण घाई केली, असे समजावे.

पाचवे अंग नको असलेल्या कृतीविषयी. कुत्रा अंगावर उड्या मारतो, कारण उडी मारल्यावर त्याच्याकडे लक्ष दिले जाते. तेव्हा उडीला प्रतिसाद देऊ नये आणि चारही पाय जमिनीवर असताना भरपूर लक्ष द्यावे. 'करू नको' असे सांगण्याऐवजी 'त्याऐवजी हे कर' असे शिकवावे.

सहावे अंग संमतीचे. प्राणिसंग्रहालयांतून आता वाघ, अस्वल, माकडे यांना रक्त तपासणीसाठी शेपूट वा पंजा आपण होऊन पुढे करण्यास शिकविले जाते. सुई टोचण्यापूर्वी प्राण्याला पंजा मागे घेता येतो, आणि तसे केल्यास त्याला शिक्षा होत नाही. नकार देता येतो म्हणून होकार टिकतो, असा अनुभव आहे.

या सर्वांच्या मुळाशी शिक्षकाची सावधानता आहे. बर्लिनमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी 'हान्स' नावाचा घोडा टापा आपटून गणिते सोडवितो अशी ख्याती होती. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिले की, योग्य आकडा आला की प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्याची किंचित हालचाल होई, आणि घोडा ती पाहून थांबे. मालकाने फसवणूक केलेली नव्हती. आपण काही सुचवितो आहोत हे त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हते. प्राणी आपले बोलणे कमी व शरीर अधिक वाचतो. म्हणून आपल्या हाताची, श्वासाची, रागाची जाणीव ठेवणे, म्हणजेच सति व सम्पजञ्ञ, हे या कामातील पहिले कौशल्य ठरते.

तीन दाखले

नेपाळमधील चितवन येथील कामाच्या हत्तींवर केलेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. हत्तींना क्षयरोग होतो आणि त्याच्या तपासणीसाठी सोंडेत मिठाचे पाणी घालून ते परत गोळा करावे लागते. दडपण न आणता, केवळ खूण व खाऊ यांच्या साह्याने हे शिकविता येते का, हे पाहायचे होते. चार अल्पवयीन हत्ती २५ ते ३५ पाठांत हे काम शिकले. एका पाठाची सरासरी लांबी १२ मिनिटे होती. पाचवी प्रौढ हत्तीण मात्र तेवढ्या काळात संपूर्ण कृती शिकली नाही. तिला कोणी अंकुश टोचला नाही आणि अभ्यासकांनी ते अपयश जसेच्या तसे नोंदविले. ज्या आशिया खंडात, बौद्ध देशांतही, हत्तीच्या पिलांना कोंडून व टोचून 'मोडण्याची' रूढी चालत आली, तेथे हा दाखला महत्त्वाचा आहे.

दुसरा दाखला उंदरांचा. बेल्जियमचे बार्ट वेटजेन्स, जे झेन परंपरेत दीक्षित आहेत, यांनी १९९७ साली 'अपोपो' ही संस्था सुरू केली. टांझानियातील मोरोगोरो येथे आफ्रिकेतील मोठ्या जातीच्या उंदरांना स्फोटकाचा वास ओळखण्यास शिकविले जाते. वास ओळखला की क्लिकर वाजतो व केळे किंवा शेंगदाणा मिळतो. शिक्षण सुमारे नऊ महिने चालते. उंदराचे वजन इतके कमी की त्याच्या पायाने सुरुंग फुटत नाही. तो फक्त जमीन खरवडून जागा दाखवितो. यांपैकी 'मगावा' नावाचा उंदीर २०१६ पासून कंबोडियात काम करीत होता. त्याने शंभराहून अधिक सुरुंग व स्फोटके शोधली. २०२० साली ब्रिटनमधील एका प्राणिसेवी संस्थेने त्याला सुवर्णपदक दिले. २०२२ च्या जानेवारीत तो वार्धक्याने मरण पावला. कंबोडिया हा बौद्धांचा देश. तेथील शेतकऱ्यांनी युद्धानंतर कित्येक दशके सुरुंगांमुळे हातपाय व प्राण गमावले आहेत. येथे भीतीने शिकविणे निरुपयोगी ठरले असते, कारण मार चुकविण्यासाठी प्राणी काहीही 'दाखवितो'. ज्याच्या खऱ्या सांगण्यावर माणसाचा जीव अवलंबून आहे, त्याला खरे सांगण्याची भीती वाटता कामा नये.

तिसरा दाखला घरच्या कुत्र्यांचा. पोर्तुगालमधील संशोधकांनी २०२० साली ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. झटके, ओरडणे, गळपट्टा ओढणे अशा रीतींनी शिकणाऱ्या कुत्र्यांत, बक्षिसाने शिकणाऱ्या कुत्र्यांपेक्षा, ताणाची लक्षणे अधिक दिसली. पाठानंतर त्यांच्या लाळेतील कॉर्टिसोल हे ताणाशी संबंधित संप्रेरकही वाढलेले आढळले. अमेरिकेतील प्राणिवर्तन-पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ साली सर्व कुत्र्यांसाठी बक्षिसाधारित रीतच वापरावी, अशी शिफारस केली.

साधन आणि हेतू

पद्धत सौम्य झाली म्हणजे सर्व प्रश्न सुटले असे नाही. कशासाठी शिकवितो, हाही प्रश्न उरतोच. भारत सरकारने १९९८ साली अस्वल, माकड, वाघ, बिबट्या व सिंह यांच्या खेळांवर बंदी घातली आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. २०१३ साली डॉल्फिनच्या खेळांसाठी संग्रहालये उभारण्यासही नकार देण्यात आला. खाऊ देऊन शिकविलेला प्राणीसुद्धा आयुष्यभर हौदात वा पिंजऱ्यात केवळ करमणुकीसाठी कोंडला जाऊ शकतो, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

दुसऱ्या टोकाला जाऊन प्रत्येक दोरी म्हणजे क्रौर्य, असेही म्हणता येत नाही. रस्त्यावर धावणाऱ्या कुत्र्याला गळपट्ट्याला धरून मागे ओढावे लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात, अहिंसा हे तथागतांनी तत्त्व म्हणून सांगितले, यांत्रिक नियम म्हणून नव्हे, असा विवेक केला आहे. तत्त्व माणसाला विचार करण्याची मोकळीक देते. जीव वाचविण्यासाठी क्षणभर धरलेली दोरी आणि शिकविण्याची रीत म्हणून रोज टोचलेली पराणी, यांतील भेद त्या विवेकानेच कळतो.

आपल्याकडे खोंड औताला धरताना, कुत्रा राखणीला शिकविताना, घोडा लग्नाच्या वरातीला उभा करताना अजूनही 'मारल्याशिवाय वठणीवर येत नाही' असे सहज बोलले जाते. मार हा बहुधा शिकविणाऱ्याच्या अज्ञानाचे मोजमाप असतो. क्रम चुकला, खूण उशिरा पडली, अपेक्षा एकदम वाढविली, भीतीचे कारण ओळखले नाही. यांपैकी काही ना काही घडलेले असते. केसि आपल्या आचार्यकुलाची कीर्ती सांभाळण्यासाठी घोड्याचा जीव घेत होता. आजचे शास्त्र सांगते की, घोडा शिकला नाही तर प्रथम पाठ तपासावा. विनयपिटकात नालागिरी हत्तीच्या आणि मज्झिम निकायात अंगुलिमालाच्या प्रसंगी दंड व शस्त्र यांवाचून वश करण्याचा जो गौरव येतो, तो चमत्कार म्हणून न वाचता शिक्षणाचा आदर्श म्हणून वाचता येतो. गोठ्यात, घरात, शाळेत, जेथे जेथे आपल्याहून दुबळा जीव शिकण्यासाठी आपल्यापुढे उभा असेल, तेथे उपासकाने काठी बाजूला ठेवून प्रथम स्वतःच्या शिकविण्याची परीक्षा करावी.